जीआरपीसी-जावा

दूरस्थ कार्यविधी आवाहनासाठी जावा या संगणकीय भाषेत रचलेली एक मुक्तस्रोत लायब्ररी. मोठ्या आज्ञावलीतील ठराविक कामे वेगवेगळ्या लहान भागांकडे सोपविलेली असतात. अशा भागास कार्यविधी म्हणतात व त्यास नावाने बोलावून कामास लावण्याच्या क्रियेस आवाहन म्हणतात. बोलाविलेला कार्यविधी जाळ्यातील दुसऱ्याच संगणकावर असेल, तर त्या क्रियेस दूरस्थ कार्यविधी आवाहन, रिमोट प्रोसीजर कॉल किंवा संक्षेपाने आरपीसी असे म्हणतात. लायब्ररी म्हणजे अनेक आज्ञावलींना जसाच्या तसा वापरता येईल असा तयार आज्ञांचा संच होय. ज्या संचाचा मूळ पाठ सर्वांस वाचण्यास, बदलण्यास व पुन्हा वितरित करण्यास खुला असतो, त्यास मुक्तस्रोत म्हणतात. जीआरपीसी-जावा अपाचे परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली उपलब्ध आहे.

बोलाविणाऱ्या आज्ञावलीस क्लायंट व काम करून देणाऱ्या आज्ञावलीस सर्व्हर म्हणतात. आरपीसीचा मूळ हेतू असा की, जाळ्यावरील देवघेवीचा तपशील दृष्टीआड व्हावा आणि आज्ञावलीकाराला दूरचा कार्यविधी घरच्या कार्यविधीसारखाच वापरता यावा. हा हेतू बव्हंशी साध्य होतो. परंतु दोन बाबतींत दूरचे आवाहन घरच्या आवाहनासारखे कधीच होऊ शकत नाही. पहिली बाब वेळेची. एकाच संगणकातील आवाहनास काही अब्जांश सेकंद पुरतात. उलट, मुंबई व न्यूयॉर्क यांमधील अंतर सु. १२,५०० किमी. आहे आणि काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदास सु. २ लक्ष किमी. असतो, त्यामुळे तेथे जाऊन परत येण्यास किमान १/८ सेकंद लागणारच. दुसरी व अधिक गंभीर बाब अंशतः बिघाडाची. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळविण्याची विनंती क्लायंटने पाठविली व उत्तर आले नाही, तर तीन शक्यता उरतात : विनंती पोहोचलीच नाही, विनंती पोहोचली पण काम होण्यापूर्वी सर्व्हर बंद पडला, किंवा काम पूर्ण झाले आणि केवळ उत्तर वाटेत हरवले. क्लायंटला या तिन्हींत भेद करता येत नाही. विनंती पुन्हा पाठविल्यास रक्कम दोनदा वळण्याचा संभव असतो; न पाठविल्यास ती मुळीच न वळण्याचा. कोणत्याही आरपीसी लायब्ररीची रचना समजून घेताना या अनिश्चिततेचे तिने काय केले, हा मुख्य प्रश्न ठरतो.

इतिहास : जाळ्यावरील साधनसामग्री कार्यविधींच्या आवाहनाद्वारे वापरता यावी, ही कल्पना जे. ई. व्हाइट यांनी १९७६ च्या सुमारास आर्पानेट या संगणक-जाळ्याच्या संदर्भात मांडली. बी. जे. नेल्सन यांनी १९८१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात तिचा पद्धतशीर विचार केला. पुढे ए. डी. बिरेल व नेल्सन यांनी कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो अल्टो संशोधन केंद्रात प्रत्यक्ष यंत्रणा उभारून तिचे वर्णन १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. क्लायंट, क्लायंटकडील स्टब, वहन-यंत्रणा, सर्व्हरकडील स्टब व सर्व्हर ही त्यांनी केलेली विभागणी आजही कायम आहे. त्यांच्या यंत्रणेत आवाहनास काळाची मर्यादा नव्हती; समोरचा संगणक चालू आहे व संपर्क अखंड आहे तोवर क्लायंट वाट पाहत राही, कारण घरच्या आवाहनातही तसेच घडते. संपर्क तुटल्यास मात्र अपवादाची सूचना मिळे व काम एकदा झाले असेल किंवा झाले नसेल, एवढेच त्यावरून समजे.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात आपली आरपीसी पद्धत प्रचारात आणली व दूरच्या संगणकावरील फायली वापरण्याची एनएफएस ही व्यवस्था तिच्यावर उभारली. याच कंपनीच्या प्रयोगशाळेतील जे. वॉल्डो, जी. वायंट, ए. वोलरथ व एस. केंडल यांनी १९९४ मध्ये एका टिपणात असे प्रतिपादन केले की, दूरच्या व जवळच्या वस्तूंमधील भेद झाकण्याचा प्रयत्न मुळातच चुकीचा आहे. विलंब, स्मृतीचा वापर, अंशतः बिघाड व समांतर व्यवहार यांमुळे तो भेद अटळ असून आज्ञावलीकारास तो दिसलाच पाहिजे. जावा भाषेच्या १९९७ मधील १.१ या आवृत्तीत दाखल झालेल्या आरएमआय या सोयीत या विचाराचे प्रतिबिंब आढळते. तीत प्रत्येक दूरस्थ कार्यविधीने दूरस्थ अपवादाची शक्यता उघडपणे घोषित करावी लागते. तसे न केल्यास तो कार्यविधी दूरस्थ म्हणून वापरता येत नाही. तथापि आरएमआयमध्ये दोन्ही टोकांस सामान्यतः जावाच असावी लागते. शिवाय तीत जावाच्या वस्तू अंतर्गत रचनेसह बाइटरूपात पाठविल्या जात असल्याने, दुष्ट हेतूने घडविलेले संदेश उलगडताना सर्व्हरवर नको त्या आज्ञा चालण्याचा धोका उघडकीस आला. २०१७ मधील जावा ९ या आवृत्तीत अशा वस्तूंसाठी गाळणीची सोय करण्यात आली.

गूगल कंपनीत दशकाहून अधिक काळ स्टबी नावाची अंतर्गत आरपीसी यंत्रणा वापरात होती. ती कंपनीच्या इतर व्यवस्थांशी इतकी जखडलेली होती की, तशीच बाहेर देणे शक्य नव्हते. म्हणून तिच्या अनुभवावर नव्याने रचलेली जीआरपीसी ही व्यवस्था फेब्रुवारी २०१५ मध्ये मुक्तस्रोत म्हणून जाहीर झाली. तिची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २०१६ मध्ये निघाली व २०१७ मध्ये हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील क्लाउड नेटिव्ह कंप्युटिंग फाउंडेशन या संस्थेत दाखल झाला. सी++, पायथॉन, रूबी इ. भाषांतील अंमलबजावण्या प्रारंभापासून एका सामाईक गाभ्यावर आधारलेल्या होत्या. जावा व गो या भाषांतील अंमलबजावण्या मात्र स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत. जीआरपीसी या नावातील आद्याक्षराचा अर्थ दर आवृत्तीस नवा ठरविण्याची गमतीदार प्रथा प्रकल्पाने ठेवली आहे.

सेवावर्णन व स्टब : जीआरपीसी-जावा वापरताना प्रथम सेवेचे वर्णन एका स्वतंत्र मजकुरात लिहितात. सेवेत कोणते कार्यविधी आहेत, प्रत्येकास कोणता संदेश द्यावयाचा व कोणता परत येतो आणि त्या संदेशांत कोणत्या जातीची माहिती कोणत्या क्रमांकाने असते, हे त्यात नमूद केलेले असते. हा मजकूर जावात नसून प्रोटोकॉल बफर्स या वर्णनभाषेत असतो. ही भाषा गूगलने २००८ मध्ये मुक्तस्रोत केली. वर्णनावरून कंपायलर व त्यास जोडलेली पूरक आज्ञावली यांच्या साहाय्याने जावाचा पाठ आपोआप तयार होतो. याच वर्णनावरून दुसऱ्या भाषेचाही पाठ काढता येत असल्याने क्लायंट जावात व सर्व्हर गो किंवा पायथॉनमध्ये असला, तरी अडचण येत नाही. सेवावर्णन हा दोन पक्षांमधील करारनामाच असतो.

तयार झालेल्या पाठात क्लायंटसाठी स्टब असतात. स्टब हा दूरच्या सेवेचा जवळचा मुखत्यार होय : आवाहन त्यालाच केले जाते व तो संदेश बांधून पुढे पाठवितो. जीआरपीसी-जावात स्टबांचे मुख्यतः तीन प्रकार आढळतात. पहिला, उत्तर येईपर्यंत आज्ञावलीस थांबवून ठेवणारा; दुसरा, लगेच मोकळे करून उत्तर आल्यावर नेमून दिलेल्या कार्यविधीस कळविणारा; व तिसरा, पुढे केव्हातरी मिळणाऱ्या उत्तराची जणू पावती हाती देणारा. पहिला वापरण्यास सर्वांत सोपा आहे. मात्र त्यात प्रत्येक प्रलंबित आवाहनामागे आज्ञांचे एक स्वतंत्र सूत्र, म्हणजे थ्रेड, अडकून पडते.

संदेशांचे रूप : प्रोटोकॉल बफर्समध्ये माहिती द्विमान स्वरूपात बांधली जाते. घटकांची नावे संदेशातून जात नाहीत, केवळ त्यांचे क्रमांक जातात. उदा., एका संदेशात पहिला घटक स्थानकाचे नाव व दुसरा घटक एक पूर्णांक आहे, असे मानू. नावाच्या जागी ‘पुणे’ हा शब्द असल्यास त्यातील दोन अक्षरे व दोन स्वरचिन्हे मिळून युनिकोडचे चार संकेत होतात व यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकास ३ याप्रमाणे १२ बाइट लागतात. घटकाचा क्रमांक व जात सांगणारा १ आणि लांबी सांगणारा १ धरून एकूण १४ बाइट होतात. पूर्णांक १५० असल्यास तो सात-सात बिटांच्या गटांत मोडतात. १५० म्हणजे १२८ अधिक २२. म्हणून पहिल्या बाइटात २२ व ‘पुढे आणखी बाइट आहे’ ही खूण, तर दुसऱ्यात १ लिहितात. क्रमांकाचा बाइट धरून हा घटक ३ बाइटांत मावतो. अशा रीतीने संदेश १७ बाइटांचा होतो. वाहून नेताना जीआरपीसी त्याच्या आधी ५ बाइटांचे शीर्ष जोडते. त्यांतील पहिला बाइट संदेश संक्षिप्त केलेला आहे की नाही हे दर्शवितो व उरलेले चार त्याची लांबी सांगतात.

क्रमांकांवर आधारलेल्या या रचनेमुळे सेवावर्णनात नवा घटक घातला, तरी जुनी आज्ञावली अपरिचित क्रमांक ओलांडून पुढे वाचू शकते. मात्र एकदा वापरलेला क्रमांक वेगळ्या अर्थाने पुन्हा वापरल्यास जुनी व नवी आज्ञावली एकाच बाइटांचा निराळा अर्थ लावते आणि चूक कोठेही नोंदली न जाता माहिती बिघडते. यासाठी वगळलेले क्रमांक राखीव म्हणून घोषित करण्याची सोय ठेवलेली आहे.

वहन : संदेशांचे वहन एचटीटीपी/२ या संकेतानुसार होते. हा संकेत मे २०१५ मध्ये प्रमाणित झाला. त्यात दोन संगणकांमधील एकाच जोडणीवरून अनेक प्रवाह एकाच वेळी चालू शकतात व प्रत्येक आवाहनास स्वतंत्र प्रवाह मिळतो. त्यामुळे एका आवाहनाचे उत्तर लांबले, म्हणून दुसऱ्याचे अडून राहत नाही. जीआरपीसी-जावात सर्व्हरसाठी व सर्वसाधारण क्लायंटसाठी नेटी ही, तर अँड्रॉइड फोनांवरील क्लायंटसाठी ओकेएचटीटीपी ही वहन-लायब्ररी वापरतात. जोडणीस टीएलएस पद्धतीने गुप्तता देता येते आणि प्रमाणपत्रांच्या साहाय्याने दोन्ही पक्षांना परस्परांची ओळख पटविता येते.

आवाहने चार प्रकारची असतात : (१) एक विनंती व एक उत्तर, उदा., खात्यातील शिल्लक विचारणे. (२) एक विनंती व उत्तरांचा प्रवाह, उदा., बदलत्या भावांची सतत माहिती. (३) विनंत्यांचा प्रवाह व एक उत्तर, उदा., मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी पाठविणे; (४) दोन्ही बाजूंनी प्रवाह, उदा., बोलणे चालू असतानाच त्याचे लेखन मिळविणे. प्रवाहात पाठविणारा वेगवान व घेणारा मंद असल्यास एचटीटीपी/२ मधील नियंत्रणामुळे पाठवणीस आळा बसतो. तथापि पाठविणाऱ्या आज्ञावलीने ‘सध्या पाठविता येईल काय’ हे न पाहताच संदेश सोपविणे चालू ठेवले, तर ते तिच्याच संगणकाच्या स्मृतीत साचत जातात. एका येणाऱ्या संदेशाचा आकार अन्यथा न ठरविल्यास ४१,९४,३०४ बाइटांपर्यंत मर्यादित असतो.

मुदत, रद्द करणे व स्थिती : बिरेल व नेल्सन यांच्या यंत्रणेपासून जीआरपीसी सर्वांत वेगळी पडते ती मुदतीच्या बाबतीत. येथे क्लायंटने प्रत्येक आवाहनास मुदत द्यावी अशी अपेक्षा असते. घड्याळाची नेमकी वेळ न पाठविता उरलेला कालावधी पाठविला जातो, कारण दोन संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळतीलच असे नाही. ५०० मिलिसेकंदांची मुदत घेऊन आलेल्या विनंतीवर पहिल्या सर्व्हरने २०० मिलिसेकंद खर्च केले व त्यातूनच दुसऱ्या सर्व्हरला आवाहन केले, तर जीआरपीसी-जावात उरलेले सु. ३०० मिलिसेकंद आपोआप पुढे लागू होतात. यामुळे ज्याची वाट कोणीही पाहत नाही अशा कामावर साखळीतील पुढचे संगणक राबत राहण्याचा संभव कमी होतो. मात्र लायब्ररी आपण होऊन मुदत घालीत नाही. ती न दिल्यास क्लायंट अमर्याद काळ थांबू शकतो.

मुदत संपल्यास किंवा क्लायंटने आवाहन रद्द केल्यास सर्व्हरला तशी सूचना मिळते. तरीही चालू असलेला कार्यविधी आपोआप थांबत नाही. त्याने स्वतः ती सूचना पाहून थांबावे लागते. तोवर झालेले कामही उलटविले जात नाही.

प्रत्येक आवाहनाचा शेवट स्थिती-क्रमांकाने होतो. ० ते १६ असे एकूण १७ क्रमांक असून ० म्हणजे यश, ३ म्हणजे विनंतीत दोष, ४ म्हणजे मुदत टळली, ७ म्हणजे परवानगी नाही व १४ म्हणजे सेवा सध्या उपलब्ध नाही. प्रवाहाच्या मध्येच बिघाड होऊ शकत असल्याने हा क्रमांक उत्तराच्या आरंभी न येता अखेरीस येतो. चौथ्या क्रमांकाचा अर्थ नीट ध्यानात घेणे आवश्यक आहे. क्लायंट व सर्व्हर आपापल्या ठिकाणी निर्णय करतात. म्हणून सर्व्हरने काम यशस्वी झाल्याची नोंद केलेली असतानाच क्लायंटला ‘मुदत टळली’ असे कळू शकते. ‘मुदत टळली’ म्हणजे ‘काम झाले नाही’ असे नव्हे. प्रारंभी वर्णन केलेली अनिश्चितता येथे नाहीशी झालेली नसते. तिला एक निश्चित क्रमांक मिळालेला असतो, एवढेच.

पुनःप्रयत्न : विनंती क्लायंटच्या संगणकाबाहेर पडलीच नाही, किंवा सर्व्हरवरील कार्यविधीपर्यंत ती पोहोचली नाही हे निश्चित असेल, तर लायब्ररी ती आपण होऊन पुन्हा पाठविते, तसे करणे निर्धोक असते. इतर बाबतींत कोणत्या स्थिती-क्रमांकांवर, किती वेळा व किती अंतराने पुनःप्रयत्न करावा हे आज्ञावलीकाराने ठरवून द्यावे लागते. मूळ प्रयत्न धरून एकूण प्रयत्न सामान्यतः पाचांहून अधिक होऊ दिले जात नाहीत व दोन प्रयत्नांमधील अंतर वाढत जाते. तसे नसते, तर आधीच थकलेल्या सर्व्हरवर पुनःप्रयत्नांचाच भार कोसळला असता.

पुनःप्रयत्न कोणत्या कामास योग्य हे लायब्ररीस कळत नाही. शिलकीची विचारणा कितीही वेळा केली, तरी काही बिघडत नाही. रक्कम वळविण्याचे तसे नाही. अशा कामासाठी क्लायंटने प्रत्येक व्यवहारास एक अनन्य क्रमांक द्यावयाचा, सर्व्हरने तो व्यवहारासोबतच कायम नोंदवून ठेवावयाचा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास काम न करता पूर्वीचेच उत्तर द्यावयाचे, असा उपाय योजतात. हा उपाय सेवावर्णन व आधारसामग्री यांच्या रचनेत करावा लागतो. जीआरपीसी-जावा तो पुरवीत नाही.

उपयोग व मर्यादा : एका मोठ्या आज्ञावलीऐवजी परस्परांशी बोलणाऱ्या अनेक लहान सेवा उभारण्याच्या पद्धतीत जीआरपीसी-जावाचा विशेष उपयोग होतो. गूगलच्या क्लाउड सेवांसाठी जावात लिहिलेल्या अनेक क्लायंट लायब्रऱ्या तिच्यावर आधारलेल्या आहेत. तिच्या क्षेत्रात फेसबुक कंपनीने २००७ मध्ये मुक्तस्रोत केलेली थ्रिफ्ट व अलिबाबा कंपनीने २०११ मध्ये खुली केलेली डबो या व्यवस्थाही वापरात असून त्या दोन्ही पुढे अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे आल्या.

तिच्या काही मर्यादा वहनाच्या रीतीतून उद्भवतात. जोडणी दीर्घकाळ टिकणारी असल्याने, केवळ जोडण्यांची वाटणी करणारे भारवाटप-साधन मध्ये ठेवल्यास एका क्लायंटची सर्व आवाहने एकाच सर्व्हरवर जात राहतात. आवाहनागणिक वाटणी करण्याची वेगळी व्यवस्था करावी लागते. ब्राउझरमधील आज्ञावलीस एचटीटीपी/२ वर पुरेसे नियंत्रण मिळत नसल्याने तेथून थेट जीआरपीसी वापरता येत नाही व जीआरपीसी-वेब हे निराळे रूप मध्यस्थाच्या साहाय्याने योजावे लागते. संदेश द्विमान असल्याने सेवावर्णन हाती नसताना ते वाचणे अवघड जाते.

आणखी एक मर्यादा भाषेच्या वापराशी निगडित आहे. आरएमआयमध्ये दूरस्थ अपवादाची दखल घेतल्याशिवाय जावाचा कंपायलर आज्ञावली स्वीकारीत नाही. जीआरपीसी-जावातील थांबून राहणाऱ्या नेहमीच्या स्टबात बिघाडाचा अपवाद घोषित करण्याची सक्ती नाही. त्यामुळे पाठ सुटसुटीत होतो. परंतु दूरचे आवाहन पुन्हा घरच्या आवाहनासारखे दिसू लागते. त्यातील बिघाडाची दखल घेण्याची जबाबदारी कंपायलरकडून आज्ञावलीकाराकडे येते.